बारोलो फिका दिसतो, तुरट लागतो, मग बाटली खोटी आहे का?

प्रश्न असा आलाय: मुलगी म्युनिकला असते, तिनं सुट्टीत येताना बारोलो या इटालियन रेड वाइनची एक बाटली आणली, २०१९ सालची, लेबलवर सेर्रालुंगा द'आल्बा असं गावाचं नाव. परवा शनिवारी चार जण जेवायला होते तेव्हा उघडली, चिकन तंदुरीबरोबर. रंग इतका फिका की ग्लासपलीकडची बोटं दिसतायत, आणि चव म्हणजे कोरा चहा गॅसवर विसरून गेल्यासारखी. दोन घोटांत सगळ्यांनी ग्लास खाली ठेवले. अर्धी बाटली बूच लावून फ्रीजमध्ये आहे. मुलगी फसली का, वाइन खराब झालीय का, आणि हिला वाइन्सचा राजा का म्हणतात, असं विचारलंय.

मुलगी फसलेली नाही आणि वाइनही खराब नाही. तुम्ही जे लिहिलंय ते तरुण बारोलोचं अगदी हुबेहूब वर्णन आहे, मला कुणी डोळे बांधून ग्लास दिला आणि तुमचेच शब्द माझ्या तोंडून निघाले तर मी बारोलोच म्हणेन. बाटली फार लवकर उघडली, फार गरम प्यायली आणि चुकीच्या जेवणाबरोबर प्यायली, एवढंच झालंय. मी वीस वर्षं दिंडोरीकडं वायनरीत सेलरचं काम करतोय आणि मध्ये दोन हार्वेस्ट, २०१४ आणि २०१६, तिकडं इटलीत, बारोलो होतो त्या लांगेच्या टेकड्यांवर कात्री घेऊन काढलेत, त्यामुळे हे जरा लांबण लावूनच सांगतो, कारण एका ओळीत "ठेवून द्यायला हवी होती" म्हटलं तर ते का, हे कळत नाही.

आधी रंगाचं बघू. बारोलो फक्त एकाच द्राक्षाचा करायचा असा कायदा आहे, शंभर टक्के नेबिओलो, दुसरं एक टक्काही चालत नाही. आपल्याला नाशिकच्या शिराझ आणि कॅबर्नेची सवय, ती वाइन जांभळाच्या रसासारखी गडद, म्हणून आपल्या डोक्यात बसलंय की रेड जितकी काळी तितकी दमदार. नेबिओलोच्या सालीत रंग कमी असतो आणि जो असतो तोही टिकाऊ जातीचा नसतो, त्यामुळे पाच-सहा वर्षांतच कडेनं विटकरी, नारिंगी झाक यायला लागते. उलट कुठं शाईसारखा काळा बारोलो दिसला की मलाच प्रश्न पडतो. गंमत ही की रंगात इतकं फिकं असलेलं हे द्राक्ष टॅनिनमध्ये जगातल्या सगळ्यात जबरदस्त द्राक्षांपैकी आहे, वर आंबटपणाही भरपूर. म्हणजे डोळ्याला वाटतं हलकीफुलकी आहे आणि पहिल्या घोटाला हिरड्यांना चावते.

टॅनिन म्हणजे काय, तर सुपारी, हिरडा, कच्चं केळं, जांभळाची साल, यांच्यात जो तुरटपणा असतो तोच. लाळेतली प्रथिनं त्याला चिकटतात, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि जीभ कोरडी खरखरीत होते, आपण तोठरा बसला म्हणतो ना, तेच. ते द्राक्षाच्या सालीतून आणि बियांमधून येतं. बाटलीत वर्षं जातात तसं हे टॅनिन एकमेकांना आणि रंगाच्या कणांना धरून बसतं, काही गाळ होऊन तळाला जातं, आणि तोच तुरटपणा हळूहळू मखमलीसारखा होतो. त्याच काळात खालचा वास वर यायला लागतो. नेबिओलोच्या वासाचं वर्णन सगळीकडे एकच दिलेलं असतं, गुलाब आणि डांबर. वाचताना विचित्र वाटतं, पण सुकलेल्या गुलाबाच्या पाकळ्या आणि उन्हात तापलेला नवा रस्ता, खरंच तसंच येतं, बरोबर सुकी चेरी, ज्येष्ठमध, जुनं चामडं, आणि खूप जुनी असेल तर अळंबीचा, ओल्या मातीचा वास. २०१६ ला तिकडच्या आमच्या मालकांच्या वडलांनी शेवटच्या दिवशी १९९६ ची एक बाटली काढली होती, त्यांनी ती सकाळीच उघडून ठेवलेली. संध्याकाळी ओतली तेव्हा मला आमच्या देवघरातल्या निर्माल्याच्या टोपलीची आठवण झाली, बाकी कसलीच नाही. तो वास डोक्यात बसलाय म्हणून तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

आता हे द्राक्ष इतकं हट्टी का, ते बागेच्या भाषेत सांगतो, ज्यांची द्राक्षबाग आहे त्यांना लगेच कळेल. नेबिओलोचे डोळे फुटतात सगळ्यांच्या आधी, एप्रिलच्या सुरुवातीला, आणि पिकतं सगळ्यांच्या शेवटी, ऑक्टोबरमध्ये. म्हणजे वसंतातल्या उशिराच्या थंडीचा धोकाही त्यालाच आणि शरदातल्या पावसाचाही त्यालाच. काडीवरचे पहिले दोन-तीन डोळे बहुतेक वांझ निघतात, घड देत नाहीत, म्हणून आखूड छाटून चालत नाही, लांब काडी राखून तारेवर वाकवून बांधावी लागते. फुलोऱ्यात पाऊस आला की गळ होते. वाढ बेफाम, उन्हाळाभर शेंडे मारत राहायचं, घड विरळत राहायचे. हेक्टरी आठ टनाच्या वर माल घेतला तर त्याला बारोलो म्हणताच येत नाही, आपल्याकडच्या टेबल ग्रेपवाल्याला हे आकडे सांगितले तर तो म्हणेल बाग मोडून टाक.

लोक मला नेहमी विचारतात की मग हे आपल्याकडं का लावत नाही. माझं मत सांगतो. आपल्याकडं ऑक्टोबर छाटणी झाली की चार-साडेचार-पाच महिन्यांत माल तयार, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्ष पिकत असतं तेव्हा ऊन रोज वाढत जातं. तिकडं नेमकं उलटं, मण्यात पाणी उतरतं ऑगस्टमध्ये आणि तिथून पुढं दोन महिने दिवस लहान होत जातात, रात्री गार होत जातात, सकाळी धुकं पडतं, आणि द्राक्ष सावकाश, उतरत्या उन्हात पिकतं. साखर तर आपल्याकडंही येईल, पण नेबिओलोच्या साली-बियांमधलं टॅनिन पिकायला जो लांब गार शरद लागतो तो आपण कुठून आणणार. इटालियन द्राक्ष आपल्याकडं येत नाही असं नाही, अकलूजला फ्रातेल्ली या वाइन कंपनीनं सांजोव्हेजे लावलं, पिएरो मासी हे तोस्कानाचे वाइनमेकर त्यांच्याबरोबर होते, ते द्राक्ष रुळलं. पण नेबिओलो इटलीतसुद्धा स्वतःचं घर सोडून फारसं रमत नाही.

ते घर म्हणजे इटलीचा वायव्य कोपरा, पिएमोंते, तोरिनोपासून साधारण साठ किलोमीटरवर आल्बा नावाचं गाव, त्याच्या दक्षिणेला तानारो नदीच्या उजव्या हाताला लांगेच्या टेकड्या. आल्बा म्हणजे पांढऱ्या ट्रफलचं, जमिनीखाली वाढणाऱ्या महागड्या अळंबीचं, गाव, आणि नुतेल्ला बनवणाऱ्या फेर्रेरोचंही, कारण आजूबाजूला हेझलनटच्या बागा आहेत. त्या टेकड्यांत अकरा गावांच्या हद्दीतच बारोलो करता येतो. बारोलो, कास्तिल्योने फाल्लेत्तो आणि सेर्रालुंगा ही तीन गावं पूर्ण, आणि ला मोर्रा, मोन्फोर्ते, नोवेल्लो, वेर्दूनो, ग्रिन्झाने कावूर, दियानो, केरास्को, रोद्दी यांचा काही काही भाग. सगळं मिळून दोन हजार हेक्टरच्या थोडं वर. ला मोर्राच्या वरच्या चौकात उभं राहिलं की जवळपास सगळा प्रदेश एका नजरेत दिसतो, एकामागून एक टेकडीच्या धारा, प्रत्येक धारेवर एक गाव, एक किल्ला, आणि उतारावर कंगव्यानं विंचरल्यासारख्या वेलींच्या ओळी. २०१४ मध्ये युनेस्कोनं लांगे-रोएरो आणि मोन्फेर्रातोचा हा द्राक्षमळ्यांचा प्रदेश जागतिक वारशात घेतला, आणि मी पहिल्यांदा गेलो ते नेमकं त्याच वर्षी, पण त्या वर्षीचा उन्हाळा इतका ओला होता की कौतुक करायला कुणाला वेळ नव्हता, सगळे घडातले कुजके मणी एक एक कापून काढत होते.

धुक्याला इटालियनमध्ये नेब्बिया म्हणतात, त्यावरून नेबिओलो नाव पडलं असं म्हणतात, कुणी म्हणतं पिकलेल्या मण्यावर जी दाट पांढरी लव दिसते त्यावरून पडलं. तेराव्या शतकापासून हे नाव पिएमोंतेच्या कागदपत्रांत आहे. सकाळी सातला बागेत उतरायचो तेव्हा खालची दरी दुधानं भरल्यासारखी असायची आणि टेकड्यांचे फक्त माथे वर. दहाच्या सुमारास ऊन आलं की धुकं विरायचं, पण सगळीकडे सारखं नाही, आणि इथंच खरी मेख आहे. दक्षिणेकडं, नैऋत्येकडं तोंड असलेला उतार आधी मोकळा व्हायचा. जुने शेतकरी सांगतात की हिवाळ्यात ज्या उतारावरचं बर्फ आधी वितळतं तिथं नेबिओलो लावायचं, बाकी जागी दोल्चेत्तो, बार्बेरा, आणि जिथं तेही पिकणार नाही तिथं हेझलनट. आता तर नियमातच आहे की उत्तरेकडं तोंड केलेल्या उतारावर बारोलोचं द्राक्ष धरायचं नाही, दरीच्या तळाला नाही, आणि उंचीही १७० ते ५४० मीटरच्या दरम्यानच.

आपल्याकडं देवगडचा हापूस आणि रत्नागिरीचा हापूस यावर जेवणं थंड होईपर्यंत वाद होतात ना, आणि देवगडात सुद्धा कातळावरच्या कलमाचा वेगळा, मळ्यातला वेगळा, अगदी तसंच इथं टेकडीच्या एका वळणावरून चालतं. ही सगळी जमीन कधीकाळी समुद्राचा तळ होता, नांगरताना शिंपले सापडतात. पश्चिमेकडची माती, म्हणजे ला मोर्रा आणि बारोलो गावाची, निळसर राखाडी चुनखडीची चिकण, वयानं तरुण, तिथली वाइन जरा लवकर खुलते, वास आधी देते. पूर्वेकडची सेर्रालुंगा आणि मोन्फोर्तेची जमीन त्याहून जुनी, जास्त कडक, वाळूच्या दगडाचे थर असलेली, तिथली वाइन ताठ, टॅनिनला जोरदार आणि उमलायला सगळ्यात उशीर लावणारी. ही विभागणी ढोबळ आहे, तिथले लोक लगेच अपवाद सांगतील आणि ते बरोबरही असतील, पण तुमच्या मुलीनं सेर्रालुंगाची बाटली उचलली म्हणजे सगळ्यात हट्टी गावाची उचलली, तीही २०१९ ची, जे साल भरपूर बांधा असलेलं, लांब टिकणारं म्हणून तिकडं नावाजलेलं आहे. दुकानदारानं तिला चांगली वस्तू दिलीय. फक्त ती आत्ता प्यायची नाही हे सांगितलं नाही.

प्रत्येक उताराला नाव आहे, कान्नुबी, बुस्सिया, रोक्के, ब्रुनाते, व्हिन्यारिओंदा. ही नावं पूर्वी तोंडीच होती, व्यापारी दहा उतारांचं द्राक्ष एकत्र करून बारोलो करायचे, १९६१ पासून प्रुनोत्तो आणि विएत्ती या वाइन करणाऱ्या घरांनी एकेका उताराचं नाव लेबलवर टाकायला सुरुवात केली, मग रेनातो रात्ती यांनी चांगल्या उतारांचा नकाशा काढला, आणि २०१० च्या हार्वेस्टपासून अधिकृत यादीच झाली, १८१ नावांची. त्यात १७० उतार आणि अकरा गावं. यादी करताना काही उतारांच्या हद्दी उदारपणे ताणल्या गेल्या, बुस्सिया तर जवळपास ३०० हेक्टर, त्यामुळे नाव मोठं आहे म्हणून वाइन थोर असेल असं धरून चालू नका, करणारं घर कोण ते बघा.

राजाचा प्रश्न राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इथली वाइन बरीचशी गोडसर असायची, कारण द्राक्ष इतकं उशिरा यायचं की फर्मेंटेशन अर्धवट असतानाच तळघरात थंडी शिरायची, यीस्ट झोपी जायचं आणि साखर उरायची. कोरडा, साखर न उरलेला, टिकाऊ बारोलो कुणी केला यावर वाद आहे. जुनी गोष्ट अशी की बारोलोच्या मार्केझा, म्हणजे उमराव घरातल्या बाई, जुलिया फाल्लेत्ती, ज्या मूळच्या फ्रेंच, आणि ग्रिन्झानेचे कामिल्लो कावूर, यांनी उदार्त नावाच्या फ्रेंच वाइन व्यापाऱ्याला आणून हे करवलं. अलीकडं अभ्यासकांनी कागद तपासून श्रेय जनरल स्ताल्येनो यांच्याकडं वळवलंय, जे कावूर यांच्या मळ्यावर तळघराचं काम बघायचे. कावूर हे तेच, जे पुढं १८६१ मध्ये एकसंध इटलीचे पहिले पंतप्रधान झाले, त्याआधी सतरा वर्षं ग्रिन्झाने गावचे महापौर होते, त्यांच्या किल्ल्यात मी दोनदा गेलोय. आणि मार्केझांबद्दल एक सांगायलाच पाहिजे, त्यांनी तोरिनोच्या तुरुंगातल्या बायकांसाठी आयुष्य घातलं, मूलबाळ नव्हतं, सगळी संपत्ती धर्मादाय संस्थेला दिली. तिकडच्या दरबारात, म्हणजे सावोय घराण्यात, ही वाइन चालायला लागली, राजा व्हित्तोरिओ एमानुएले दुसरा यानं तर सेर्रालुंगाची फोंतानाफ्रेद्दा इस्टेटच घेतली, जिथं पुढं त्याच्या आणि रोझा व्हेर्चेल्लानाच्या मुलानं १८७८ मध्ये वाइनचा धंदा उभा केला. राजांची वाइन आणि वाइन्सचा राजा, ही म्हण तिथली.

पण त्या राजेपणाचा शेतकऱ्याला फार काळ काही उपयोग झाला नाही हेही खरं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लांगे हा गरीब भाग होता, द्राक्ष आल्बाच्या बाजारात दलालाच्या भावानं विकायचं, पोरं फेर्रेरोच्या कारखान्यात नाहीतर तोरिनोला फियाटमध्ये. आमच्या मालकांचे वडील सांगायचे की पाऊस झाला की दलाल संध्याकाळपर्यंत वाट बघायला लावायचे, कारण त्यांना माहीत असायचं की घरी परत नेलं तर माल सडेल. हे ऐकताना मला आमच्या पिंपळगावच्या बाजारातले दिवस दिसत होते. त्यात १९८६ ला मिथेनॉलचं प्रकरण झालं, स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल मिसळलं, वीसच्या वर माणसं गेली, आणि ते याच प्रांतातून सुरू झालं. त्याचा बारोलोशी थेट संबंध नव्हता, पण नाव सगळ्यांचंच खराब झालं. तुम्ही भेसळीची शंका विचारलीत म्हणून सांगतो, आज बाटलीच्या गळ्यावर सरकारी नंबराची कागदी पट्टी असते, डी-ओ-सी-जी लिहिलेली, ती तुमच्या बाटलीवर असणारच, बघून घ्या. बारोलोला हा सगळ्यात वरचा दर्जा १९८० मध्येच मिळालाय, इटलीतल्या अगदी पहिल्या काही वाइन्समध्ये.

मग आली पोरा-बापांची भांडणं. जुनी पद्धत अशी की साली रसात महिना-दीड महिना ठेवायच्या, काही जण वरून लाकडी फळ्या दाबून साली बुडवलेल्या ठेवतात, आणि मग स्लाव्होनियाच्या, म्हणजे क्रोएशियातल्या, ओकच्या प्रचंड पिंपांत वर्षानुवर्षं मुरवायची. एकेक पिंप तीन हजार, पाच हजार लिटरचं, जुनं, लाकडाचा वास न देणारं. अशी वाइन दहा-पंधरा वर्षं तोंडाला लागू द्यायची नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात काही तरुण फ्रान्समधल्या बरगंडीत जाऊन आले आणि म्हणाले आपण असं का करतोय. त्यांनी साली थोड्याच दिवसांत काढल्या, नव्या फ्रेंच ओकची २२५ लिटरची छोटी पिंपं आणली, ज्यांना 'बारीक' (barrique) म्हणतात, बागेत घड कमी ठेवले, वाइन लवकर पिण्यालायक केली. एलिओ आल्तारे यांनी १९८३ मध्ये बापाची जुनी पिंपं चेन सॉनं कापली, वडलांनी त्यांना वारसाहक्कातून काढून टाकलं, हे त्यांनी स्वतः जाहीर सांगितलेलं आहे. दुसऱ्या बाजूला बार्तोलो मास्कारेल्लो, त्यांनी हातानं चित्र काढून लेबलच केलं, 'बारीक' पिंपं नकोत आणि बेर्लुस्कोनी हे राजकारणीही नकोत.

मी स्वतः मोठ्या पिंपांच्या बाजूचा आहे. नवीन ओकमध्ये व्हॅनिला आणि भाजलेल्या कॉफीचा वास चढतो, तो वास कुठल्याही देशाच्या वाइनला देता येतो, मग सेर्रालुंगाच्या उताराचं काय राहिलं. पण तरुण मंडळींनी एक मोठं काम केलं आणि ते जुन्यांनीही मान्य केलं पाहिजे, त्यांनी तळघरं स्वच्छ केली, कुजकट पिंपं फेकली, घड विरळायला शिकवलं, आणि या गावांना पैसा आणला. आज भांडण बरंच निवळलंय, बहुतेक घरं मध्यावर आलीत आणि मोठी पिंपं परत दिसायला लागलीत. पैसा मात्र इतका आलाय की चांगल्या उताराची जमीन हेक्टरी दहा लाख युरोच्या कितीतरी वर गेलीय आणि गावच्या पोराला विकत घेणं अशक्य झालंय. आणि बागेत वाकून काम कोण करतं, तर माझ्या ओळीत अर्धे लोक मॅसेडोनियाचे होते. उतार इतका उभा की यंत्र चालत नाही, प्रत्येक घड हातानंच उतरतो. ही माणसं लेबलवर कुठंच दिसत नाहीत, म्हणून इथं लिहिलं.

कायद्यानं बारोलो हार्वेस्टच्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने मुरवावा लागतो, त्यातले १८ लाकडात. रिझर्व्हा लिहायचं तर ६२ महिने. म्हणजे दुकानात येते तेव्हाच तीन-चार वर्षांची असते, म्हणून लोकांना वाटतं की तयार आहे. साधारण हिशोब सांगायचा तर ला मोर्राची आठ-दहा वर्षांनी, सेर्रालुंगा किंवा मोन्फोर्तेची बारा-पंधरा वर्षांनी, आणि चांगल्या सालाची वीस-पंचवीसही. पण हे कुठं, तर बारा-चौदा डिग्रीच्या तळघरात. आपल्याकडं माळ्यावर किंवा शोकेसमध्ये ठेवलेली बाटली एका मे महिन्यात शिजते, बूच वर येतं, आणि मग आतमध्ये उकडलेल्या मनुकांचं पाणी उरतं. घरी वाइनचा फ्रीज नसेल तर बारोलो साठवायच्या भानगडीत पडू नका, मुलीला सांगा तिकडंच थंड तळघरात आडवी ठेव आणि दहा वर्षांनी आण.

आणि तरुण बाटली हातात आलीच, उघडायचीच आहे, तर असं करा. सकाळी उघडा, रुंद जगमध्ये ओता, स्टीलचा नको, काचेचा, आणि तीन-चार तास तशीच राहू द्या. प्यायच्या आधी अर्धा तास फ्रीजमध्ये. पुस्तकात रूम टेंपरेचर लिहितात ते थंड देशातल्या दगडी खोलीचं, सोळा ते अठरा डिग्री, आपल्या हॉलमध्ये तीस असतं आणि तीसला चौदा टक्क्यांचं अल्कोहोल नाकात भडकतं. ग्लास मोठा घ्या आणि पाव भागच भरा. वीस वर्षांवरची जुनी बाटली असेल तर मात्र उलटं, आदल्या दिवशी उभी करून ठेवा म्हणजे गाळ खाली बसेल, आणि ओतल्यावर फार वेळ उघडी ठेवू नका, नाजूक झालेली असते.

जेवणाचं सगळ्यात महत्त्वाचं. तंदुरी मसाल्याच्या तिखटाबरोबर टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही दुप्पट होऊन बसतात, जीभ आधीच पेटलेली आणि त्यावर सुपारी चावल्यासारखं. बारोलोला चरबी आणि प्रथिनं लागतात, टॅनिन लाळेऐवजी त्यांना चिकटतं आणि तोंड मऊ राहतं. तिकडं हिच्याच वाइनमध्ये तासन् तास शिजवलेलं मांस असतं, अंड्याच्या बलकाचे बारीक ताजारीन नूडल्स लोण्यात, वर पांढरा ट्रफल. आपल्या घरात मी काय करतो, तर मटण तुपावर, कांदा गडद परतून, काळी मिरी, दालचिनी, मीठ, लाल तिखट जवळजवळ नाही, मंद आचेवर दोन-अडीच तास. शाकाहारी असाल तर अळंबी लोण्यात परतून तिचा पुलाव, किंवा नुसतं जुनं कडक पार्मेसान चीज. कोल्हापुरी तांबड्या रश्श्याबरोबर नको, त्यात दोघांचाही अपमान आहे.

रोज पिण्यासाठी बारोलो नाहीच, हे तिथलेही लोक सांगतात. आमच्या दुपारच्या जेवणाला टेबलावर दोल्चेत्तो असायची, आंबटपणा कमी, सरळ साधी, आणि रविवारी बार्बेरा. नेबिओलोची ओळख करून घ्यायची असेल तर पुढच्या वेळी मुलीला लांगे नेबिओलो नावाची बाटली आणायला सांगा, बऱ्याचदा त्याच घराची, तरुण वेलींची, थोड्याच महिन्यांत बाजारात येते, किंमत साधारण निम्म्याहून कमी, आणि गुलाब आजच देते. आणि बारोलो किनातो कुठं दिसली तर ती नक्की घ्या, बारोलोत सिंकोनाची साल, म्हणजे क्विनाइनची, आणि मसाले घालून केलेली गोड-कडू वाइन, सेर्रालुंगाच्या काप्पेल्लानो नावाच्या औषधवाल्यानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी केलेली, तिकडं सर्दी-तापाला घरोघर गरम करून द्यायचे. काळ्या चॉकलेटबरोबर ती जेवणानंतर एवढीशी घेतली तर तुमच्या त्या चारही पाहुण्यांचं पिएमोंतेबद्दलचं मत बदलेल.

आता तुमच्या फ्रीजमधली अर्धी बाटली. फेकू नका आणि भाजीतही ओतू नका. अर्धी रिकामी बाटली म्हणजे आत हवा आहे, आणि या वाइनला तीच हवी होती, सेर्रालुंगाची तरुण वाइन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा चांगली लागते हे मी तिकडं कितीदा पाहिलंय, मालक मुद्दाम कालची बाटली परत टेबलावर आणायचे. आज संध्याकाळी काढा, पाऊण तास बाहेर ठेवा, मोठ्या ग्लासात थोडीशी ओता, ओतल्या ओतल्या पिऊ नका, आधी नुसता वास घ्या, दहा मिनिटांनी परत घ्या. बरोबर चीजचा एक तुकडा असू द्या. गुलाब आला की मला कळवा.